घडत्या वयाची छायाचित्रे
रिनेके डाइकस्ट्रा यांचा कॅमेरा आणि तरुणाईवरील अदृश्य दडपण

पोलंडच्या उत्तरेला बाल्टिक समुद्राच्या काठी कोवोबझेग नावाचे शहर आहे. तेथील किनाऱ्यावर २६ जुलै १९९२ रोजी एका किशोरवयीन मुलीचे छायाचित्र काढण्यात आले. अंगावर फिकट हिरव्या रंगाचा पोहण्याचा साधा पोशाख, एका पायावर टाकलेला भार, किंचित कललेली मान, मागे समुद्राची पट्टी आणि बाकी सारे आकाश, एवढाच त्या चित्राचा ऐवज आहे. मुलगी हसत नाही, रडत नाही, काही करतही नाही. तरीही हे चित्र पाहणारा थबकतो. आपण आता लहान नाही आणि अजून मोठेही नाही, या अवस्थेतील अवघडलेपण तिच्या खांद्यांत, हातांत आणि पावलांत उतरलेले दिसते.

हे छायाचित्र नेदरलँड्सच्या रिनेके डाइकस्ट्रा यांचे आहे. १९९२ ते २००२ या काळात त्यांनी निरनिराळ्या देशांच्या किनाऱ्यांवर मुलामुलींची अशी छायाचित्रे काढली. 'बीच पोर्ट्रेट्स' या नावाने ती प्रसिद्ध झाली आणि आज जगातील अनेक प्रमुख कलासंग्रहालयांत जतन केलेली आहेत. तरुण वय, त्या वयात घडणारी ओळख आणि त्या ओळखीवर समाजाचा पडणारा भार हा विषय गेल्या शंभर वर्षांत अनेक छायाचित्रकारांनी हाताळला. मात्र दडपण डोळ्यांना दिसत नाही. ते माणसाच्या शरीरावर उमटते तेव्हाच त्याचे छायाचित्र घेता येते, हे डाइकस्ट्रा यांच्याइतक्या चिकाटीने फार थोड्यांनी दाखवून दिले आहे.

स्वतःपासून सुरुवात

डाइकस्ट्रा यांचा जन्म १९५९ मध्ये नेदरलँड्समधील सिटार्ड या गावी झाला. ॲमस्टरडॅमच्या गेरिट रिटव्हेल्ड अकादमीत १९८१ ते १९८६ या काळात त्यांनी शिक्षण घेतले. त्यानंतर काही वर्षे त्या नियतकालिकांसाठी आणि कंपन्यांसाठी व्यावसायिक छायाचित्रे काढत होत्या. मोठ्या पदांवरील माणसे कॅमेऱ्यासमोर येताना आपला चेहरा आधीच तयार करून येतात, हे त्यांनी या कामात जवळून पाहिले. कसे दिसायचे हे ज्याने आधीच ठरवले आहे, त्याच्या छायाचित्रात त्याने ठरवलेले तेवढेच उतरते, ही त्या व्यवसायातील अडचण होती.

१९९० मध्ये सायकलच्या अपघातात त्यांच्या कमरेचे हाड मोडले. प्रकृती सुधारण्यासाठी त्यांना नियमित पोहावे लागे. १९ जून १९९१ रोजी ॲमस्टरडॅममधील मार्निक्सबाद या जलतरण तलावात ३० फेऱ्या पोहून झाल्यावर त्यांनी स्वतःचेच छायाचित्र घेतले. पांढऱ्या फरशांच्या भिंतीसमोर, ओल्या अंगाने, डोक्यावर पोहण्याची टोपी घालून त्या उभ्या आहेत. कसे उभे राहावे, चेहरा कसा ठेवावा, याचा विचार करण्याइतके त्राण त्यांच्यात उरलेले नाही. थकलेला माणूस सोंग आणू शकत नाही, हा धडा त्यांना या एका छायाचित्राने दिला. त्यांच्या पुढील साऱ्या कामाचा पाया येथे घातला गेला.

पूर्वसुरींचा वारसा

या परंपरेचा आरंभ शोधायचा तर जर्मनीच्या ऑगस्ट झांडर यांच्यापर्यंत जावे लागते. १९१४ मध्ये त्यांनी तीन तरुण शेतकऱ्यांचे एक छायाचित्र काढले. चिखलाच्या वाटेवर नवेकोरे सूट, डोक्यावर हॅट आणि हातात काठी अशा थाटात ते तिघे नाचाच्या कार्यक्रमाला निघाले आहेत. शेतात राबणाऱ्या मुलांनी शहरी बाबूंचा वेश चढवला आहे आणि तो वेश त्यांच्या अंगावर पुरता बसलेला नाही. त्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. झांडर यांची ६० व्यक्तिचित्रे १९२९ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. जर्मन माणूस कसा दिसावा याविषयी नाझी राजवटीच्या कल्पना ठाम होत्या. या पुस्तकातील चेहरे त्यांत बसणारे नव्हते. १९३६ मध्ये पुस्तकाच्या छपाईच्या प्लेट नष्ट करण्यात आल्या. माणसांचे साधे चेहरेही सत्तेला खुपू शकतात, याचे हे ठळक उदाहरण होय.

अमेरिकेच्या डायेन आर्बस यांनी १९६० च्या दशकात हा धागा पुढे नेला. न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये खेळण्यातला हातबॉम्ब घट्ट धरून उभा असलेला मुलगा (१९६२) आणि युद्धसमर्थक मिरवणुकीत सामील होण्याची वाट पाहणारा, गवती हॅट घातलेला तरुण (१९६७) ही त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. माणूस स्वतःला जसा दाखवू पाहतो आणि प्रत्यक्षात जसा दिसतो, या दोहोंतील अंतर हा आर्बस यांच्या कामाचा गाभा होता. डाइकस्ट्रा यांनीही हेच अंतर शोधले. मात्र आर्बस यांच्या चित्रांत त्या अंतराला अनेकदा एक धार असते. डाइकस्ट्रा यांच्या चित्रांत तेथे सहानुभूती आढळते.

दोन किनारे, दोन मुली

कोवोबझेगच्या छायाचित्राआधी जेमतेम महिनाभर, २४ जून १९९२ रोजी, डाइकस्ट्रा अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यातील हिल्टन हेड या बेटावर होत्या. तेथेही त्यांनी एका मुलीचे छायाचित्र घेतले. नारिंगी छटेची बिकिनी, सोनेरी केस, अंगावर दागिने, चेहऱ्यावर रंगभूषा. जाहिरातीतील तरुणीची प्रत्येक खूण तिने स्वतःवर उतरवली आहे. तिच्या डोळ्यांत मात्र धास्ती आहे. छायाचित्र काढले जात असताना मुलीची आई तेथेच होती आणि मुलगी जाड दिसते असे तिला सुनावत होती, त्यामुळे मुलगी पोट आत ओढून उभी राहण्याची धडपड करत होती, अशी आठवण डाइकस्ट्रा यांनी पुढे सांगितली आहे.

ही दोन छायाचित्रे शेजारी ठेवली की या मालिकेचे मर्म कळते. पोलंडमधील साम्यवादी राजवट १९८९ मध्ये संपली होती. १९९२ मध्ये तेथील किनाऱ्यावरच्या मुलीच्या मनावर जाहिरातींचे राज्य अजून पुरते बसलेले नव्हते. तिचा पोशाख साधा आहे आणि उभे राहणेही कोणी शिकवलेले नाही. तरीही अनेक समीक्षकांना तिच्या उभे राहण्यात इटालियन चित्रकार बोत्तिचेल्ली यांच्या पंधराव्या शतकातील व्हीनसची आठवण झाली. उलट, सौंदर्याच्या ठरावीक साच्यात बसण्यासाठी जी जिवापाड झटते आहे, त्या अमेरिकन मुलीच्या चित्रात साचा आणि मुलगी यांच्यातील फटच नजरेत भरते. या मालिकेतील चित्रांना मुलांची नावे दिलेली नाहीत. स्थळ आणि तारीख, एवढेच त्यांचे शीर्षक असते. त्या दिवशी, त्या ठिकाणी एक मूल असे उभे होते, याची ती नोंद आहे.

कॅमेऱ्याची संथ गती

असा क्षण हाती लागण्यामागे योगायोगापेक्षा पद्धतीचा भाग अधिक आहे. डाइकस्ट्रा चार बाय पाच इंचांची निगेटिव्ह घेणारा मोठा कॅमेरा वापरतात. तो ट्रायपॉडवर बसवावा लागतो, प्रत्येक चित्रासाठी फिल्म नव्याने भरावी लागते आणि फोकस काळजीपूर्वक जुळवावा लागतो. मोबाइलवर एका मिनिटात वीस-पंचवीस छायाचित्रे निघतात. येथे एका छायाचित्राला काही मिनिटे लागतात. समोरच्या मुलाने सुरुवातीला चेहऱ्यावर आणलेले हसू तेवढा वेळ टिकत नाही. ते ओसरते आणि पुढचे काही सुचेपर्यंत एक रिकामा क्षण येतो. शटर त्या क्षणासाठी थांबलेले असते.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. उघड्या आकाशाखाली, भर दिवसाही त्या फ्लॅशचा वापर करतात. त्यामुळे व्यक्ती पार्श्वभूमीपासून सुटी होते आणि त्वचेवरील ओलावा, गुडघ्याला चिकटलेली वाळू, असे बारकावे स्पष्ट उमटतात. कॅमेरा खालच्या बाजूला लावलेला असल्याने क्षितिज खाली जाते आणि किरकोळ अंगाचे मूलही आकाशासमोर एखाद्या पुतळ्यासारखे भव्य दिसते. घरात आणि शाळेत ज्याच्याकडे सदैव वरून पाहिले जाते, त्याच्याकडे येथे खालून वर पाहावे लागते. ही चित्रे दालनात मोठ्या आकारात लावली जातात, तेव्हा हा परिणाम अधिकच जाणवतो.

कसे उभे राहा, कोठे पाहा, अशा सूचना त्या शक्यतो देत नाहीत. आपल्याकडच्या स्टुडिओत 'हनुवटी जरा वर, खांदे सरळ' असे सांगणारा छायाचित्रकार पिढ्यान् पिढ्या परिचयाचा आहे. त्याच्या सूचनांचा हेतू माणूस चांगला दिसावा हा असतो. डाइकस्ट्रा यांच्या मौनाचा हेतू वेगळा आहे. सूचना नसली की मुलाला स्वतःच निर्णय घ्यावा लागतो आणि त्या निर्णयात त्याच्या मनावरील सारे संस्कार आपोआप उघड होतात.

एक खुर्ची आणि चौदा वर्षे

१९९४ मध्ये नेदरलँड्सच्या लायडन शहरातील निर्वासितांच्या केंद्रात डाइकस्ट्रा यांनी बोस्नियातून आलेल्या सहा वर्षांच्या एका मुलीचे छायाचित्र घेतले. 'अल्मेरिसा' या मालिकेचे हे पहिले चित्र. ठेवणीतले कपडे घालून ती खुर्चीवर बसली आहे आणि तिचे पाय जमिनीला टेकत नाहीत. पुढे दर एक-दोन वर्षांनी डाइकस्ट्रा तिच्या घरी जात राहिल्या. दर वेळी एक खुर्ची, साधी भिंत आणि तीच मुलगी. २००८ पर्यंत अशी ११ छायाचित्रे झाली.

ती क्रमाने पाहताना केवळ वय वाढताना दिसत नाही. कपडे बदलतात, केसांची ठेवण बदलते, ओठांना रंग येतो, बसण्यातला संकोच जातो, पाय जमिनीवर घट्ट टेकतात. युद्धग्रस्त देशातून आलेली मुलगी डच समाजात मिसळत जाते आणि तिची पूर्वीची ओळख हळूहळू झाकली जाते. अखेरच्या टप्प्यावर तिच्या मांडीवर तिचे स्वतःचे मूल आहे. परक्या देशात सामावले जाणे हे यश आहे की त्यात काही गमावलेही आहे, याचा निवाडा ही मालिका करत नाही. दोन्ही गोष्टी पाहणाऱ्यापुढे ठेवून ती थांबते. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी देश सोडलेल्या मराठी कुटुंबांतील मुलांनाही या प्रश्नाची ओळख पटावी.

गणवेश अंगावर चढताना

ओळख बाहेरून लादली जाते तेव्हा तिचे सर्वांत स्पष्ट रूप म्हणजे गणवेश. इस्रायलमध्ये लष्करी सेवा मुलींनाही सक्तीची आहे. १९९९ नंतरच्या काही वर्षांत डाइकस्ट्रा यांनी तेथील मुलींची छायाचित्रे घेतली. काहींची भरतीच्या दिवशी, नेहमीच्या कपड्यांत. पुढे त्यांचीच गणवेशात. दोन चित्रांत चेहरा तोच असतो. परंतु पहिल्या चित्रातील शाळकरी मुलगी दुसऱ्या चित्रात राष्ट्राची प्रतिनिधी झालेली असते. तिच्या नजरेत हा बदल कितपत झिरपला आहे, हे पाहणारा शोधत राहतो.

फ्रान्सच्या परदेशी सैनिकांच्या दलात, म्हणजे फॉरेन लीजनमध्ये, दाखल झालेल्या ऑलिव्हिए नावाच्या तरुणाची मालिका अधिक कठोर आहे. जुलै २००० मध्ये दाखल झाला त्या दिवसापासून २००३ पर्यंत त्याची सात छायाचित्रे घेण्यात आली. पहिल्या चित्रातील गोंधळलेला, कोवळ्या चेहऱ्याचा मुलगा शेवटच्या चित्रात निबर सैनिक झाला आहे. जबडा आवळलेला, नजर स्थिर. या तीन वर्षांत त्याने काय पाहिले, काय केले, याविषयी चित्रे काही सांगत नाहीत. प्रशिक्षणाचा परिणाम मात्र त्याच्या मानेत आणि खांद्यांत वाचता येतो. संस्था माणसाला घडवते असे आपण सहज म्हणतो. ते घडवणे कसे असते, याचा हा पुरावा होय.

नाचघरामागची पांढरी भिंत

छायाचित्रांबरोबर डाइकस्ट्रा यांनी चित्रफितींचे माध्यमही हाताळले. १९९६-९७ मध्ये इंग्लंडमधील लिव्हरपूलचा बझ क्लब आणि नेदरलँड्समधील झान्डामचा मिस्टरी वर्ल्ड या दोन नाचघरांत येणाऱ्या तरुण-तरुणींना त्यांनी गर्दीतून बाजूला घेतले आणि पांढऱ्या भिंतीसमोर उभे केले. बाहेर वाजणारे संगीत तेथेही ऐकू येत होते. गर्दीत बेभान नाचणारी मुले एकटी उभी राहताच बावरतात. कोणी च्युइंगगम चघळत राहते, कोणी सिगारेट ओढते, कोणी चोरट्या नजरेने कॅमेऱ्याकडे पाहत हळूहळू डोलू लागते. सजून, नटून, मोठ्यांचा आव आणून आलेल्या या मुलांचे लहानपण त्या भिंतीसमोर उघडे पडते.

लिव्हरपूलमध्येच २००९ मध्ये केलेल्या 'क्रेझीहाउस' या कामात पाच तरुण आपापल्या आवडीच्या गाण्यांवर एकेकटे नाचतात. येथे सुरुवातीचा संकोच ओलांडून ते संगीतात हरवतात आणि पाहणाऱ्याला एक दिलासा मिळतो. त्याच वर्षी टेट लिव्हरपूल संग्रहालयात शाळकरी मुलांना पिकासो यांच्या १९३७ च्या 'वीपिंग वुमन' या चित्राविषयी बोलते करण्यात आले. १२ मिनिटांच्या या चित्रफितीत पिकासो यांचे चित्र कोठेही दिसत नाही. दिसतात ती गणवेशातील मुले. आधी ती चाचरत बोलतात, मग एकमेकांचे ऐकून धीट होतात, चित्रातील बाई का रडत असेल याची कारणे सांगता सांगता स्वतःच्या मनातले बोलू लागतात. बरोबरीच्यांच्या सोबतीत एकाचे मत दुसऱ्याच्या मताला कसे वाकवते आणि कसे फुलवतेही, हे येथे दिसते. मित्रांचे दडपण नेहमीच घातक असते असे नाही, हाही त्यातील एक अर्थ.

दडपणाचे दुसरे चित्र

डाइकस्ट्रा परिसर पुसून टाकतात आणि केवळ माणूस ठेवतात. अमेरिकेच्या लॉरेन ग्रीनफिल्ड यांनी नेमका उलट मार्ग घेतला. १९९७ मधील 'फास्ट फॉरवर्ड' या पुस्तकात त्यांनी लॉस एंजेलिसमध्ये हॉलिवूडच्या छायेत वाढणारी मुले दाखवली, तर २००२ मधील 'गर्ल कल्चर' या पुस्तकात अमेरिकन मुलींचे विश्व. आरसे, कपड्यांची दुकाने, रंगभूषेचे साहित्य, वजन घटवण्याची शिबिरे यांच्या गराड्यात त्यांच्या मुली वावरतात. छायाचित्रांसोबत त्या मुलींचे मनोगतही छापलेले आहे. खाण्याविषयीच्या मनोविकारांशी झुंजणाऱ्या स्त्रियांवर त्यांनी २००६ मध्ये 'थिन' हा माहितीपट केला.

ग्रीनफिल्ड दडपण कोठून येते ते दाखवतात. डाइकस्ट्रा ते कोठे जाऊन बसते ते दाखवतात. बाजार, जाहिरात आणि चित्रपट यांनी निर्माण केलेली प्रतिमा आणि हिल्टन हेडच्या किनाऱ्यावर पोट आत ओढून उभी असलेली मुलगी ही एकाच गोष्टीची दोन टोके आहेत. हा विषय समजून घ्यायचा तर दोघींचे काम एकत्र पाहावे लागते.

लूणकरणसरचा तंबू

दडपणाची ही रूपे केवळ श्रीमंत देशांपुरती नाहीत, हे भारतातील एका कामावरून ध्यानात येते. गौरी गिल या छायाचित्रकाराने १९९९ मध्ये राजस्थानातील एका गावच्या शाळेत एका मुलीला शिक्षकाकडून मार खाताना पाहिले आणि तेथूनच त्यांचे वाळवंटी प्रदेशातील दीर्घ काम सुरू झाले. २००३ मध्ये बिकानेर जिल्ह्यातील लूणकरणसर येथे उरमूल सेतू या संस्थेने मुलींसाठी 'बालिका मेळा' भरवला. गिल यांनी तेथे तंबूत एक तात्पुरता स्टुडिओ थाटला. ज्या मुलीला यावेसे वाटेल तिने यावे, कोणासोबत उभे राहायचे, काय हाती घ्यायचे, कसे पाहायचे ते तिनेच ठरवावे, असा तेथील नियम होता. आपल्याकडील जत्रांतही रंगवलेल्या पडद्यासमोर फोटो काढून घेण्याची अशीच रीत होती. त्या पडद्यासमोर घटकाभर का होईना, माणूस आपल्याला हवा तसा होत असे.

बालिका मेळ्यातील कृष्णधवल छायाचित्रांत मुली एकेकट्या, मैत्रिणींसह, बहिणींसह उभ्या आहेत. काही लाजतात, काही कॅमेऱ्याला थेट भिडतात. ज्या भागात मुलीचे शिक्षण, लग्न आणि जाणे-येणे दुसरेच कोणी ठरवते, तेथे स्वतःचे उभे राहणे स्वतः ठरवणे ही लहान गोष्ट नव्हे. २०१० मध्ये गिल पुन्हा तेथे गेल्या आणि त्यांनी रंगीत छायाचित्रे घेतली. ही सारी छायाचित्रे २०१२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. राजस्थानातील त्यांच्या एकूण कामाला २०२३ मध्ये प्री पिक्ते हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. डाइकस्ट्रा मुलाचा आव गळून पडण्याची वाट पाहतात, तर गिल मुलीला तिच्या मनातला आव आणण्याची मुभा देतात. अमेरिकन मुलीवर दिसण्याची सक्ती आहे. वाळवंटातील मुलीला दिसण्याचीच संधी नाही. दडपणाचे स्वरूप बदलले की कॅमेऱ्याचे कामही बदलते, एवढे यातून स्पष्ट होते.

प्रश्न अधिकाराचा

या प्रकारच्या छायाचित्रणावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. अवघडलेल्या वयातील मुलाला त्याच्या सर्वांत असुरक्षित क्षणी पकडून जगापुढे मांडणे योग्य आहे काय? त्या वयात दिलेल्या संमतीचा अर्थ काय घ्यायचा? ज्या नजरेच्या धाकाने मुले वाकतात, त्या नजरांत आणखी एकीची भर तर पडत नाही ना? हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. त्याला पुरते उत्तर देता येते असेही नाही. परंतु पद्धतीतील फरक येथे महत्त्वाचा ठरतो. डाइकस्ट्रा यांचा कॅमेरा लपवता येत नाही. समोरच्याला आपले छायाचित्र निघत आहे याची पूर्ण जाणीव असते. त्या एकाच व्यक्तीकडे वर्षानुवर्षे परत जातात, आणि परत जाता येते ते विश्वास टिकला तरच. दुरून चोरून घेतलेले छायाचित्र आणि समोरासमोर उभे राहून घेतलेले छायाचित्र यांत हे नैतिक अंतर आहे.

मोबाइलच्या काळात

न्यू यॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात २०१२ मध्ये डाइकस्ट्रा यांच्या कामाचे मोठे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले. २०१७ मध्ये त्यांना हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला. या काळात छायाचित्रणाची दुनिया मात्र पूर्णपणे पालटली. आता तरुण स्वतःच छायाचित्रकार आहेत आणि स्वतःच विषयही. किनाऱ्यावरच्या मुलीला आईचे शब्द ऐकू येत होते. आजच्या मुलीच्या हातातील फोन शेकडो जणांचा शेरा घेऊन येतो. इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीची अंतर्गत संशोधनाची कागदपत्रे सप्टेंबर २०२१ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल' या दैनिकाने उजेडात आणली. शरीराविषयी आधीच वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते अधिक वाईट वाटते, असे ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितल्याची नोंद त्यांत होती. कागदपत्रांचा लावला गेलेला अर्थ कंपनीला मान्य नव्हता. ऑस्ट्रेलियाने १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई करणारा कायदा नोव्हेंबर २०२४ मध्ये संमत केला आणि १० डिसेंबर २०२५ पासून तो लागू झाला.

कायद्याने काय साधेल हे काळ ठरवील. छायाचित्रांपुरते बोलायचे तर एक फरक ठळक आहे. फोनवर काढलेल्या दहा चित्रांतून तरुण जे एक निवडतात, त्यात पोट आत असते, हसू ठीक असते, त्वचेवरचा डाग पुसलेला असतो. उरलेली नऊ काढून टाकली जातात. डाइकस्ट्रा यांनी जपून ठेवली ती नेमकी या नऊंपैकी असावीत अशी छायाचित्रे. हसू ओसरल्यानंतरची आणि पुढचा आव आणण्यापूर्वीची. ती पाहताना पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला कळू शकते की, हे अवघडलेपण आपल्या एकट्याचे नाही; पोलंडच्या किनाऱ्यावर, लायडनच्या निर्वासित केंद्रात, लिव्हरपूलच्या नाचघरात ते इतरांच्याही वाट्याला आले आहे. आणि घरातील मोठ्यांना आठवू शकते की, मुलाच्या अंगावर उमटणारे दडपण अनेकदा त्यांच्याच एखाद्या सहज बोललेल्या वाक्यातून आलेले असते.